अमेरिकेंतील कृष्णवर्णीय यंत्रशोधक

सकाळच्या चहांत पडणारी साखर आणि बाहेर जातांना पायांत चढविला जाणारा जोडा, या दोन वस्तूंवांचून आपलें एकही घर चालत नाहीं. या दोहोंच्या आधुनिक निर्मितींत ज्या दोन पुरुषांच्या बुद्धीचा मोठा वांटा आहे, त्यांचीं नांवें मात्र आपल्या घरांतील पदवीधरांसही सहसा ठाऊक नसतात. दोघेही आफ्रिकी मातांचे वंशज. एकाची कर्मभूमि लुइझियानांतील उसाचे मळे, दुसऱ्याची मॅसॅच्युसेट्समधील लिन हें जोड्यांच्या कारखान्यांचें शहर. एकाला उत्तम विद्या लाभली, दुसऱ्याला इंग्रजी भाषाही धड येत नव्हती. या दोघांविषयीं व त्यांच्या कांहीं जातभाईंविषयीं चार शब्द लिहावे, असें बरेच दिवस मनांत होतें.

कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकीं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याची ओळख वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकानें मराठी वाचकांस घरोघर करून दिली आहे. म्हणून त्याच्या भुईमुगाची कथा येथें पुन्हां सांगत नाहीं. परंतु या लोकांशीं महाराष्ट्राचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेंत गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या सत्पुरुषांस. अमेरिकेंत दास्य कायद्यानें नष्ट होऊन तेव्हां अवघीं आठ वर्षें लोटलीं होतीं. पुण्यांतील एका माळ्याच्या मुलास इतक्या दूरची ती गोष्ट आपल्या घरची वाटली, आणि आमच्यासारख्या पोथ्यापुस्तकांच्या घरांत तो ग्रंथ कित्येक वर्षें उंबऱ्याच्या आंतही आला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

प्रथम कायद्याचा एक प्रश्न पाहूं. कारण त्यावांचून पुढील माणसांची योग्यता नीट कळणार नाहीं. अमेरिकेंत नवें यंत्र शोधणाऱ्यास सरकारकडून पेटंट, म्हणजे ठराविक वर्षांपुरता त्या शोधाचा एकट्याचा हक्क, मिळतो. स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयांस हा हक्क मिळत असे. न्यूयॉर्कमधील टॉमस जेनिंग्ज या शिंप्यास कपडे कोरडे धुण्याच्या रीतीबद्दल १८२१ सालीं व मेरिलंडमधील हेन्री ब्लेअर यास मका पेरण्याच्या यंत्राबद्दल १८३४ सालीं तो मिळाला. पण गुलामानें शोध लावला तर? हा प्रश्न मिसिसिपी संस्थानांतील ऑस्कर स्ट्युअर्ट नांवाच्या मळेवाल्यानें उपस्थित केला. त्याच्याकडे नेड नांवाचा गुलाम लोहार होता. नेडनें कापसाच्या ओळी खरडण्याचें एक दुहेरी औत तयार केलें. औत उपयुक्त ठरलें, तेव्हां स्ट्युअर्टनें सरकारकडे अर्ज केला कीं, गुलामाच्या हाताच्या श्रमाचें फळ जसें धन्याचें, तसें त्याच्या बुद्धीच्या श्रमाचें फळही धन्याचेंच. सबब पेटंट मला द्यावें.

अमेरिकन सरकारचा मुख्य कायदेपंडित जेरेमाया ब्लॅक यानें १८५८ सालीं या प्रश्नावर मत दिलें. तें असें कीं, गुलामाच्या शोधास पेटंटच देतां येत नाहीं. गुलामास द्यावें तर कायद्याच्या दृष्टीनें तो नागरिक नाहीं, मालमत्ता धारण करूं शकत नाहीं, करार करूं शकत नाहीं. आणि धन्यास द्यावें तर शोध त्याचा नाहीं. म्हणजे औत खरें, त्याचा उपयोग खरा, पण तें कोणींच शोधलेलें नाहीं! स्ट्युअर्टनें तरीही तें औत विकावयास काढलें, आणि जाहिरातींत दुसऱ्या एका मळेवाल्याचें प्रशस्तिपत्र छापलें. त्यांत म्हटलें होतें कीं, गुलामगिरीनें काळ्या माणसाची बुद्धि खुंटते असें ओरडणाऱ्यांस हें औत हेंच उत्तर आहे. स्वतंत्र काळ्यानें कधीं कांहीं शोधून काढल्याचें कोणीं ऐकलें आहे काय? ज्या माणसाच्या बुद्धीचा पुरावा पुढें करून त्याच्याच बेडीचें समर्थन करावयाचें, असा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या कोणत्या प्रकरणांत बसवावा हें सांगणें कठीण आहे.

हें वाचून अमेरिकनांस हंसण्याचा मोह आपणांस होईल. परंतु मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन सांगितले असून ते जें मिळवितात तें ज्याचे ते असतात त्याचें होय, असें वचन आहे. टीकाकारांनीं त्याचा अर्थ सौम्य करून, त्यांस खर्च करण्याचें स्वातंत्र्य नाहीं एवढेंच सांगण्याचा हा हेतु, असें म्हटलें आहे. पण मूळ वचनाची स्ट्युअर्टच्या अर्जाशीं तुलना केली असतां दोहोंत फारसें अंतर दिसत नाहीं. आणि याच परंपरेंत, ऋभु हे मूळचे मनुष्य असून केवळ आपल्या हस्तकौशल्यानें देवत्व पावले, असें ऋग्वेद सांगतो. त्रैवर्णिकांत न मोडणाऱ्या रथकारास अग्न्याधानाचा अधिकार आहे, असा निर्णय मीमांसकांनींही दिला आहे. आमच्या पूर्वजांस दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. आम्हीं त्यांतली कोणती जपली, हें निराळें सांगावयास नको.

ब्लॅकच्या मतानें धन्यांची मोठी पंचाईत झाली. जेफर्सन डेव्हिस याचा थोरला भाऊ जोसेफ याच्याकडे बेंजामिन माँटगोमेरी नांवाचा अत्यंत हुशार गुलाम होता. त्यानें उथळ नदींतून बोट चालविण्यास योग्य असा पंखा तयार केला. त्याला पेटंट मिळालें नाहीं, व डेव्हिस बंधूंसही मिळालें नाहीं. पुढें दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं व हाच जेफर्सन त्यांचा अध्यक्ष झाला, तेव्हां १८६१ सालच्या त्यांच्या नव्या पेटंट-कायद्यांत गुलामाच्या शोधाचा हक्क धन्यास देण्याचें कलम घालण्यांत आलें! युद्ध संपलें, दास्य गेलें, आणि डेव्हिस यांचा तोच मळा माँटगोमेरीनें हप्त्यानें तीन लाख डॉलरांस विकत घेतला. कादंबरींत कोणीं असें लिहिलें असतें तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

आतां साखरेकडे वळूं. ज्यानें गुऱ्हाळ पाहिलें आहे त्याला ही कथा समजावयास अडचण नाहीं. चुलवणावर भली मोठी काहील, तींत उकळणारा रस, वरची मळी काढणारा गडी, चुलींत चिपाडें सारणारा दुसरा गडी, आणि पाक कधीं उतरावा हें नजरेनें ओळखणारा गुळव्या. दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं लुइझियानांत साखर करीत ती बहुतेक अशीच, फक्त प्रचंड प्रमाणावर. चार-पांच कढया एका ओळींत मांडलेल्या, सर्वांत मोठी एका टोकास व सर्वांत लहान दुसऱ्या टोकास, खालून एकच लांब जाळ. गुलामांनीं लांब दांड्याच्या पळ्यांनीं उकळता रस एका कढईंतून दुसरींत ओतीत न्यावयाचा. तोडणीच्या दिवसांत हें काम रात्रंदिवस चाले. अंगावर रस सांडून माणसें भाजत, झोपेनें तोल जाई, जळणासाठीं जंगलें तुटत, आणि शेवटच्या कढईंत उष्णता अनावर होऊन पुष्कळशी साखर करपून काळी पडे.

नॉर्बेर रिलिय याचा जन्म न्यू ऑर्लिन्स येथें १८०६ सालीं झाला. बाप व्हिन्सेंट हा श्रीमंत गोरा मळेवाला व यंत्रज्ञ; आई कॉन्स्टन्स व्हिव्हां ही स्वतंत्र असलेली वर्णसंकरज स्त्री. अशा स्त्रीपुरुषांचा विवाह तेथील कायद्यास मान्य नव्हता. तथापि बापानें मुलास टाकलें नाहीं. त्याची बुद्धि पाहून त्यानें त्यास पॅरिस येथें शिकावयास पाठविलें. तेथील एकोल सांत्राल या यंत्रविद्येच्या पाठशाळेंत तो इतका चमकला कीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं तो तेथेंच यंत्रशास्त्र शिकवूं लागला. जन्मभूमींत ज्याला गोऱ्यांच्या शाळेचा दरवाजा उघडला नसता, तो फ्रान्समध्यें गोऱ्या विद्यार्थ्यांचा गुरु झाला.

वाफेचा अभ्यास करतांना त्याला जी कल्पना सुचली ती सांगण्यास सोपी आहे, सुचण्यास नव्हे. केदारनाथास जाऊन आलेल्यांनीं पाहिलें असेल कीं, तेथें पाणी लवकर उकळतें पण डाळ शिजत नाहीं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी उष्णतेवरच उकळूं लागतें. भांडें बंद करून आंतील हवा पंपानें काढली, तर हीच गोष्ट सपाट जमिनीवरही साधते. एडवर्ड हॉवर्ड नांवाच्या इंग्रजानें १८१३ सालीं हें तत्त्व साखरेस लावलें होतें, व त्याच्या निर्वात कढईंत रस करपत नसे. पण जळण पुष्कळ लागे, कारण रसांतून निघालेली वाफ फुकट जाई. रिलिय यानें विचारलें, ही वाफ फुकट कां घालवावी? एका बंद भांड्यांत रस उकळावा. त्यांतून निघालेली वाफ नळ्यांतून दुसऱ्या भांड्यांत न्यावी व तिनें तेथील रस तापवावा. दुसऱ्या भांड्यांत हवेचा दाब आणखी कमी ठेवला, म्हणजे त्या मानानें थंड झालेल्या वाफेनेंही तेथील रस उकळेल. तिसऱ्यांत दाब त्याहून कमी. जळण एकदांच, पण तीच उष्णता तीन वेळां कामास येते, व एक शेर वाफेनें जवळजवळ तीन शेर पाणी उडून जातें. सासूनें एकाच निखाऱ्यावर भात, मग वरण, मग दूध तापवून घ्यावें, तसाच हा प्रकार. सुगरणीच्या काटकसरीस रिलिय यानें गणिताची जोड दिली इतकेंच.

अमेरिकेंत परतल्यावर त्याचे आरंभींचे प्रयत्न फसले. पेटंट १८४३ सालीं मिळालें, व १८४५ मध्यें टेओडोर पॅकवुड याच्या मर्टल ग्रोव्ह नांवाच्या मळ्यावर यंत्र यशस्वी झालें. सुधारलेल्या यंत्राचें पेटंट १८४६ सालचें आहे. फिलाडेल्फियाचा मेरिक व टाउन हा कारखाना तीं यंत्रें बनवी, व १८४९ पर्यंत रोजीं सहा हजार, बारा हजार व अठरा हजार पौंड साखर करणारे तीन आकार त्यानें विक्रीस ठेवले होते. साखर पांढरी, दाणेदार; जळण थोडें; आणि उकळत्या रसाची पळी घेऊन कढईपाशीं उभें राहण्याचें काम संपलें.

हें सर्व त्यानें केलें तें गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांसाठीं, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. त्याच्या यंत्रानें गुलामाचा हात भाजण्याचा थांबला, गुलाम मात्र सुटला नाहीं. उलट धन्याचा नफा वाढला. आणि स्वतः रिलिय याची स्थिति काय? असें सांगतात कीं, यंत्र बसविण्यास तो मळ्यावर गेला म्हणजे त्याला उतरण्यासाठीं निराळें घर देत. गोऱ्या धन्याच्या घरीं कृष्णवर्णीय पाहुणा राहूं शकत नसे, व इतक्या मोठ्या यंत्रज्ञास गुलामांच्या झोपड्यांत ठेवणेंही शोभत नसे. विद्येचा मान करावयाचा पण पंक्तीला घ्यावयाचें नाहीं, ही तजवीज आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढें लुइझियानांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांवर निर्बंध वाढत गेले, आणि रिलिय कायमचा फ्रान्सला निघून गेला. १८८० सालीं लुइझियानांतील एक मळेवाला पॅरिसला गेला असतां त्याला तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत एक वृद्ध गृहस्थ इजिप्तची प्राचीन चित्रलिपि उलगडीत बसलेला आढळला. तो रिलिय! संस्कृतावर आयुष्य काढलेल्या प्रस्तुत लेखकास त्याचें हें चित्र त्याच्या यंत्राइतकेंच प्रिय वाटतें. परंतु साखरेनें त्याला सोडलें नाहीं. १८८१ सालीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, त्यानें बीटच्या साखरेसाठीं आपल्या पद्धतीचें नवें पेटंट मिळविलें. १८९४ सालीं तो वारला व पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानांत त्याला पुरलें. त्याच्या स्मरणार्थ साखरधंद्यानें न्यू ऑर्लिन्स येथें कांस्यपट बसविला तो १९३४ सालीं, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं.

१९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांनीं प्रवरानगर येथें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, व पुढें कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत कारखान्यांच्या धुराड्या उठल्या. यांपैकीं कोणत्याही कारखान्यांत जाऊन पहा; ओळीनें उभीं असलेलीं तीं चार-पांच उंच बंद भांडीं, एकाची वाफ दुसऱ्यास पुरविणारीं, हीं रिलिय याच्याच तत्त्वावर चालतात. मीठ, आटविलेलें दूध, सरस, समुद्राच्या पाण्याचें गोडें पाणी, इतक्या ठिकाणीं तीच युक्ति कामीं येते.

दुसरा पुरुष यान मात्झेलिगर. याच्याविषयीं लिहितांना हात जरा थांबतो. कारण आपल्या घरांत जोडा उंबऱ्याबाहेर काढून ठेवण्याची रीत, आणि जोडा करणारा माणूसही पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेरच. त्याच्या हाताची विद्या काय प्रतीची आहे, हें पाहण्यासाठीं आपण कधीं वांकलोंच नाहीं.

मात्झेलिगरचा जन्म १८५२ सालीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील सुरीनाम या डच वसाहतींत, पारामारिबो येथें झाला. बाप डच यंत्रज्ञ, आई आफ्रिकी वंशाची. दहाव्या वर्षापासून मुलगा यंत्रशाळेंत काम करूं लागला. एकोणिसाव्या वर्षीं तो जहाजावर खलाशी म्हणून निघाला, दोन वर्षांनीं फिलाडेल्फियास उतरला, व १८७७ च्या सुमारास लिन येथें जोड्यांच्या कारखान्यांत लागला. इंग्रजी त्याला मोडकें-तोडकें येई. दिवसा तो कारखान्यांत दहा तास राबे व रात्रीं पुस्तकें पुढें घेऊन भाषा व यंत्रशास्त्र शिके.

जोडा करण्याच्या कृतींत तोंवर बहुतेक पायऱ्यांस यंत्रें आलीं होतीं. कातडें कापण्यास यंत्र, वरचें कातडें शिवण्यास यंत्र, तळ शिवण्यास यंत्र. राहिली होती ती एकच पायरी. पायाच्या आकाराच्या लांकडी सांच्यावर वरचें चामडें ताणून बसवावयाचें, टांचेशीं व बोटांशीं त्याच्या बारीक चुण्या पाडावयाच्या, आणि तें आंतल्या तळाशीं चुकांनीं ठोकून टाकावयाचें. जोडा पायाला बसतो कीं चावतो हें सर्व या पायरीवर अवलंबून. चामड्याचा प्रत्येक तुकडा निराळा. कोठें किती ओढ द्यावी हें बोटांनाच कळे. हें काम करणारे कारागीर दिवसाकाठीं पन्नास जोड करीत, उत्तम पगार घेत, आणि आमचें काम यंत्राला कालत्रयीं जमणार नाहीं असें अभिमानानें सांगत. सर्व कारखाना त्यांच्या हाताकडे पाहून चाले.

मात्झेलिगर त्या बोटांकडे पाहत राहिला. चामडें पकडणें, ओढणें, वळविणें, चूक ठोकणें, ही प्रत्येक हालचाल त्यानें मनांत निराळी केली. भाड्याच्या थंड खोलींत विड्यांच्या पेट्यांचें लांकूड, तारा, खिळे असें मिळेल तें जमवून त्यानें पहिला नमुना केला. त्याला पन्नास डॉलर देऊं केले, त्यानें नाकारले. मग भंगार लोखंडाचा दुसरा नमुना केला. त्यांतील चुण्या पाडण्याच्या भागासाठीं दीड हजार डॉलर देऊं केले. तेही त्यानें नाकारले. या काळांत तो मक्याच्या लापशीवर दिवस काढी, व रोजचा खर्च पांच सेंट असे, असें म्हणतात. पैसा उभा करण्यासाठीं शेवटीं त्याला दोन भागीदार घ्यावे लागले, व शोधाचा दोन तृतीयांश हिस्सा त्यांच्या नांवें गेला.

पेटंटचा अर्ज सरकारी कचेरींत पोहोंचला तेव्हां तेथील परीक्षकांस नकाशांवरून यंत्र समजेना. अशा यंत्राचा त्यांना विश्वासही वाटेना. तेव्हां एक अधिकारी मुद्दाम लिनला पाठविण्यांत आला. त्यानें डोळ्यांनीं यंत्र चालतांना पाहिलें, आणि २० मार्च १८८३ रोजीं पेटंट मंजूर झालें. २९ मे १८८५ रोजीं कारखान्यांत कसोटी घेतली, तेव्हां यंत्रानें स्त्रियांच्या जोड्यांचे पंचाहत्तर जोड निर्दोष बसविले. सुधारत सुधारत तेंच यंत्र दिवसास दीडशेंपासून सातशें जोडांपर्यंत काम करूं लागलें. जोड्यांच्या किंमती जवळजवळ निम्म्यावर आल्या; जीं मुलें अनवाणी हिंडत त्यांच्या पायांत जोडा आला. हातानें काम करणाऱ्या जुन्या कारागिरांचा मान व पगार मात्र गेला, आणि आपला राग त्यांनीं यंत्राच्या कर्त्याच्या रंगावर काढून यंत्राला एक हलकें टोपणनांव दिलें. त्यांच्या पोटावर पाय आला होता, म्हणून त्यांच्याविषयीं कींव वाटते. त्या नांवाविषयीं वाटत नाहीं.

मात्झेलिगर धर्मशील होता. लिनमधील अनेक चर्चांनीं त्याच्या रंगामुळें त्याला घेतलें नाहीं. एका नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या मंडळींनीं त्याला आपलें म्हटलें, व तेथें तो रविवारीं मुलांस शिकवी. अतिश्रमानें व उपासमारीनें त्याला क्षय झाला. २४ ऑगस्ट १८८९ रोजीं, सदतिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो वारला. आपल्या वांट्याच्या भागांपैकीं मोठा हिस्सा त्यानें मृत्युपत्रानें त्या चर्चला दिला, व पुढें त्याच रकमेंतून चर्चचें कर्ज फिटलें. त्याच्या शोधावर उभ्या राहिलेल्या कंपनीचा १८९९ सालीं 'युनायटेड शू मशिनरी' या बलाढ्य कंपनींत समावेश झाला. ती यंत्रें विकीत नसे, भाड्यानें देई, आणि अमेरिकेंतील जोड्यांच्या धंद्यावर तिची सत्ता कित्येक वर्षें चालली. १९९१ सालीं अमेरिकन टपाल खात्यानें मात्झेलिगरच्या चित्राचें तिकीट काढलें.

या दोघांच्या मागोमाग आणखी पुष्कळ नांवें येतात. येथें त्यांचा केवळ निर्देश करतां येईल. लुइस लॅटिमर याचा बाप १८४२ सालीं गुलामगिरींतून पळून बॉस्टनला आला, तेथें पकडला गेला, आणि दयाळू लोकांनीं चारशें डॉलर भरून त्याला सोडविला. अशा बापाचा हा मुलगा वकिलांच्या कचेरींत पोऱ्या म्हणून राहून पाहतां पाहतां नकाशे काढावयास शिकला. बेल याच्या टेलिफोनच्या पेटंटाचे १८७६ सालचे नकाशे त्याच्या हातचे. विजेच्या दिव्यांतील कोळशाची तार भाजतांना वेडीवांकडी होऊं नये अशी रीत त्यानें शोधून १८८२ सालीं पेटंट घेतलें, व पुढें तो एडिसनच्या पदरीं राहिला. विजेचा दिवा त्यानेंच शोधला असें कोठें कोठें लिहिलेलें आढळतें, तें खरें नाहीं. तसेंच, एलायजा मॅकॉय यानें आगगाडीचें एंजिन चालूं असतांच त्याला तेल पुरविणारी कुपी १८७२ सालीं शोधली, हें खरें. पण अस्सल मालाला इंग्रजींत 'रिअल मॅकॉय' म्हणतात तें याच्यावरूनच, ही व्युत्पत्ति टिकत नाहीं, कारण त्याच धर्तीचा स्कॉटिश वाक्प्रचार १८५६ सालींच छापलेला सांपडतो. ज्याचें खरें कर्तृत्व मोठें आहे त्याच्या गळ्यांत खोटी माळ घालणें हा त्याचा उपमर्द आहे. विरोधकाला एक खोटें सांपडलें कीं तो दहा खऱ्यांवर पाणी सोडतो. आपल्याकडे पुराणांतून विमानें काढणाऱ्यांनींही हें ध्यानीं घ्यावें.

गॅरेट मॉर्गन याची गोष्ट ऐकून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. धुरांत शिरतां यावें म्हणून त्यानें डोक्यावर चढवावयाची पिशवी केली. तिची नळी जमिनीलगत लोंबे व तेथील स्वच्छ हवा श्वासास मिळे. १९१४ सालीं पेटंट झालें. परंतु कृष्णवर्णीयाची वस्तु दक्षिणेंत कोण घेणार? म्हणून तो एका गोऱ्या माणसास शोधक म्हणून पुढें उभा करी, आणि स्वतः तांबड्या इंडियनाचा वेष घेऊन, पिशवी डोक्यावर चढवून धुरानें भरलेल्या तंबूंत शिरे. १९१६ च्या जुलईंत क्लीव्हलंड येथें ईरी सरोवराखालील बोगद्यांत स्फोट झाला, तेव्हां हीच पिशवी घालून तो स्वतः आंत उतरला व अडकलेल्यांस बाहेर काढलें. बातमीबरोबर त्याचा चेहरा वर्तमानपत्रांतून दिसला, आणि दक्षिणेंतील कित्येक गांवांनीं मागण्या रद्द केल्या.

अशा रीतीनें नांव झांकून ठेवण्याचीच चाल असल्यामुळें, किती शोध या लोकांचे आहेत हें सरकारी दप्तरावरून कळेना. पेटंटाच्या कागदावर रंगाची नोंद नसते. दक्षिण कॅरोलिनाचा प्रतिनिधि जॉर्ज वॉशिंग्टन मरे, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता व ज्याच्या नांवें शेतीच्या औतांचीं पेटंटें होतीं, त्यानें १८९४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या सभेंत अशा ब्याण्णव शोधांची यादी वाचून दाखविली. यादी जमविण्याचे खरे कष्ट मात्र हेन्री बेकर याचे. हा पेटंट कचेरींतच नकलनवीस म्हणून लागून परीक्षकाच्या हुद्यास चढलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठीं कचेरीनें देशभरच्या वकिलांस, कारखानदारांस व संपादकांस पत्रें पाठविलीं कीं, कोणा कृष्णवर्णीय शोधकाची माहिती असल्यास कळवावी. काळा माणूस आणि शोध, हें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं, अशीं उत्तरेंही आलीं. बेकरनें उत्तरांतून उत्तरें निवडून, प्रत्येक नांवाची दप्तराशीं गांठ घालून, पेटंटांचे चार जाड खंड बांधविले, व ते पॅरिसला मांडले गेले. १९१३ सालीं त्यानें याच विषयावर एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें; आज आपणांस जें ठाऊक आहे त्याचा पाया तेंच आहे.

रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन याचें नांव येथें मुद्दाम घेतलें नाहीं. गुलामाच्या या नातवानें व्हिएन्नास जाऊन १९३१ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली, सोयाबीनच्या तेलांतून औषधी द्रव्यें काढण्याचा मार्ग दाखविला, आणि १९५० सालीं शिकागोजवळ घर घेतलें तेव्हां शेजाऱ्यांच्या कृपेनें तें घर पेटविण्याचा प्रयत्न झाला. त्याची हकीकत सांगावयाची तर रसायनाची थोडी फोड करावी लागेल. संपादकांनीं जागा दिल्यास ती पुढील एखाद्या अंकीं देतां येईल.